घाटंजीचा किलो आणि याडीची पायली

माझं आडनाव घाटंजीत कोणालाच ठाऊक नव्हतं. सगळे मला 'किलोसाहेब' म्हणत. समोर आदराने, आणि पाठ फिरली की आणखी एखादं विशेषण जोडून. छप्पन साली दिल्लीत कायदा झाला, पुढच्याच वर्षी नवा पैसा आला, आणि मग शेर-मणाची पाळी आली. शेराला खाली उतरवून किलोला गादीवर बसवायचं काम सरकारने ज्यांच्या गळ्यात घातलं, त्यांत वजनमापे खात्याचा निरीक्षक म्हणून यवतमाळ जिल्ह्यात येऊन पडलेला मी एक. मूळचा कृष्णाकाठचा, जाड भिंगाचा चष्मा, आणि तोंडात सदैव 'मला-तुला'. तिकडचे लोक 'मले-तुले' म्हणतात. त्यामुळे मी तोंड उघडलं की 'हा आपल्यातला नाई' हे भर बाजारात जाहीर व्हायचं.

आमचं काम बाहेरच्या माणसाला सोपं वाटतं. दुकानात जायचं, काटा बघायचा, वजनं आपल्या पेटीतल्या प्रमाण वजनांशी ताडून पाहायची. लोखंडी वजनाच्या बुडाला एक खाच असते, तिच्यात शिसं ओतलेलं असतं आणि त्या शिशावर आमचा शिक्का. शिसं कोरलेलं दिसलं की दुकानदाराचा चेहरा आणि आमचा चेहरा यांत तत्काळ फरक पडतो. एवढंच असतं तर मी सुखात असतो. पण किलो आला आणि आम्हाला निरीक्षकाबरोबर मास्तर, कीर्तनकार आणि कधीकधी आरोपीही व्हावं लागलं.

मुख्य अडचण अशी, की किलो शेरापेक्षा मोठा. पाच-सहा तोळ्यांनी जास्त. म्हणजे तोच माल किलोने तोलला तर आकडा कमी येणार. हे फळ्यावर लिहिलं की शाळेतल्या पोरांना कळायचं आणि त्यांच्या बापांना कळायचं नाही. "माह्या घरून निंगाला तवा शंभर होता, अन् बाजारात येऊन ब्याण्णव-त्र्याण्णव कसा झाला?" हा प्रश्न मला घाटंजीत विचारला गेला, मारेगावात विचारला गेला, आणि पांढरकवड्याला एका ट्रक ड्रायव्हरने तर गाडी आडवी लावून विचारला. मी हसून समजावत असे. आकडा कमी, माल तोच. पुढे पुढे हे वाक्य मी झोपेतही म्हणतो, असं माझी बायको सांगू लागली.

बाकी गमती चालूच होत्या. कोणी एक मीटर दूध मागायचं. एका शिंप्याने मीटरची नवी टेप आणली आणि जुन्या सवयीने छत्तीसवर कापड कापलं. त्या सदऱ्यात गिऱ्हाइकाचा नातूसुद्धा मावला नसता. नवी वजनं षटकोनी होती म्हणून एका म्हाताऱ्याने त्यांना हात लावायचं नाकारलं. गोल वजन कोणाच्या बाजूचं नसतं, याला कोपरे आहेत, याचा भरवसा काय, असं त्याचं म्हणणं.

मलाही तिथल्या चालीरीती शिकाव्या लागल्या. पहिल्याच बाजारात मी मापाऱ्याच्या, म्हणजे माल तोलून देणाऱ्या माणसाच्या शेजारी उभा होतो. पहिलं पारडं झालं तसा तो 'लाभ' म्हणाला. मग 'दोन', मग 'तीन'. एक कुठे गेला, म्हणून मी माझ्या शिपायाला, शंकरला, विचारलं. शंकर घाटंजीचाच.

"एक म्हनत नाईत जी साहेब," तो म्हणाला. "एकावर थांबलं तर बरकत थांबते. म्हनून लाभ म्हनतेत."

शिवाय मापारी नुसता आकडा सांगून गप्प बसत नाही. विसरायला होऊ नये म्हणून पुढचं पारडं पुरं होईपर्यंत तोच आकडा तो सुरात घोळवत राहतो. लाभ हो लाभ, लाभ हो लाभ. मग दोन हो दोन. ऐकायला गोड वाटायचं. मी कधी कधी पायाने ताल धरायचो.

किलोबरोबर दुसरा हुकूम होता तो पायलीचा. धान्य आता तोलूनच विकायचं, मापून नाही. बाजारात पायली, कुडव, जे दिसेल ते ताब्यात घ्यायचं आणि घणाखाली घालायचं. बाजाराशेजारी आम्हाला एक खोली मिळाली होती, तिच्या कोपऱ्यात ही मापं साठत. लाकडाची, लोखंडाची, काहींवर कोणी हौसेने वेल कोरलेली. ठरल्या दिवशी शंकर घण घेऊन बसायचा. त्या आवाजाचं मला तेव्हा काही वाटत नसे. आज वाटतं. एखादं तरी उचलून ठेवायला हवं होतं.

अशाच एका बाजाराच्या दिवशी केसली याडी खोलीत आली. पांढरकवड्याच्या रस्त्याला बंजाऱ्यांचा तांडा होता, तिथली. याडी म्हणजे आई. तांड्यात ती सगळ्यांचीच याडी होती. अंगावर आरसे लावलेली काचोळी, दंडापर्यंत बांगड्या, आणि काखेत लेकरू घ्यावं तशी पितळेची एक पायली. शंकरची नजर लगेच पायलीवर गेली. याडीने ती दुसऱ्या काखेत घेतली.

"किलोसाहेब तुमीच काय?"

मी हो म्हटलं.

"तुमचा किलो चोर हाय."

मी नेहमीचं हसू आणलं आणि नेहमीचं वाक्य म्हटलं. आकडा कमी, माल तोच. तिने पुरतं ऐकून घेतलं.

"ते समजलं मले. मास्तरनं सांगतलं. कमी भरन म्हनता, भरू द्या. पन एवढं कमी? भगतशेठच्या काट्यावर माह्यी तूर आटून गेली."

भगतशेठ हा घाटंजीतला मोठा अडत्या. खरं नाव वेगळं होतं, पण दिवसातून इतक्या वेळा देवाचं नाव घेई की खुद्द त्याच्या बायकोलाही खरं नाव आठवायला वेळ लागत असावा. मी बाजारातून थोडी तूर आणवून याडीची पायली शिगेसकट भरून घेतली, म्हणजे काठावर ढीग राहील अशी, आणि ती तूर माझ्या पेटीतल्या वजनांनी तोलली. मग तिने घरी किती पायल्या मोजल्या होत्या ते विचारून हिशेब केला. तिने ढीग कमी-जास्त रचला असेल असं धरलं, शेर-किलोचा फरक धरला, उंदीरही धरले. तरी भगतशेठकडे फारच कमी भरली होती.

"तुमच्या किलोनं भरते, त्याच्या किलोनं भरत नाई," याडी म्हणाली. "म्हंजे किलो दोन हायेत."

हे मला लागलं. तिने मला चोर म्हटलं असतं तर मी चहा दिला असता. पण किलो दोन? "याडी, किलो एकच असतो," मी जरा चढ्या आवाजातच म्हणालो. "सातासमुद्रापलीकडे तोच आणि घाटंजीत तोच!"

"मंग दाखवा," ती म्हणाली. "तुमचा किलो खरा निंगाला तर मी सोता ही पायली तुमच्या घनाखाली ठेवन. खोटा निंगाला तर हिले हात लावाचा नाई. माह्या तांड्यातलं कोनी किलोनं इकनार बी नाई."

मी कबूल झालो. तेव्हा मला फक्त किलोची अब्रू दिसत होती. तिने काय पणाला लावलं ते शंकरने नंतर सांगितलं. तांड्याचे वाडवडील बैलांच्या पाठीवर धान्य-मिठाच्या गोण्या लादून मुलूख पालथा घालत, तेव्हापासूनची ती पायली. बैल गेले, गोण्या गेल्या, लोक शेतं करून स्थिरावले. सासूकडून सुनेकडे येत येत ही एवढी एक वस्तू राहिली. तांड्यातली प्रत्येक लेक सासरी जाताना तिच्या ओटीत धान्य पडे ते याच पायलीने.

मी दुसऱ्याच दिवशी भगतशेठच्या अडतीवर धाड घातली. शेठने उठून नमस्कार केला. काटा पाहिला, चोख. वजनं पाहायला गेलो तर ती दिसेनातच. दर दसरा-दिवाळीलाच काय, रोज पूजा. हळद, कुंकू, तेल यांचे थरावर थर चढून षटकोनी वजनं पुन्हा गोल झाली होती. मनात म्हटलं, सापडलास. चाकू काढला आणि वीस किलोचं वजन खरवडायला बसलो. भोवती गर्दी जमली. एक बाई "अगं माय" म्हणून डोळे झाकून उभी राहिली.

"साहेब," भगतशेठ हात जोडून म्हणाला, "तुमी देवाची साल काढून राह्यले."

देवाची साल माझ्या प्रमाण वजनांपुढे चिमूटभर भरली. आतलं वजन तंतोतंत, शिसं जागच्या जागी, शिक्का माझाच. मी हात पुसले. शेठने माझ्या कपाळाला त्याच खरवडलेल्या कुंकवाचा टिळा लावला आणि सगळ्या अडतीने टाळ्या पिटल्या.

मग शंकर म्हणाला, "तुमी पाहाले गेले तर सारं बरोबरच भेटन जी. गिऱ्हाईक होऊन जा ना."

कल्पना बरी होती, अडचणी दोन होत्या. एक माझी भाषा, दुसरा माझा चष्मा. तसा चष्मा लावणारा बाजारात मी एकटाच. याडीने दोन्हींचा निकाल लावला. चष्मा खिशात, अंगात तिच्या दिराचं धोतर-बंडी, डोक्याला भलंमोठं पागोटं, तोंडाला धूळ.

"अन् बोलाचं नाई," तिने बजावलं. "माह्या बहिनीचा पोरगा हाय, मुका हाय, असं सांगन मी."

"मुकाच कायले?" शंकरला हसू आवरेना.

"हा 'मला' म्हनला तर शेठ तूरच घेनार नाई."

तूर मी आधीच माझ्या वजनांनी तोलून पाहिली होती. आम्ही बैलगाडीने अडतीवर पोचलो. चष्मा नसला की मला माणसं म्हणजे हलणारे ढग दिसतात. त्यातल्या जाडजूड पांढऱ्या ढगाने, म्हणजे भगतशेठने, विचारपूस केली.

"हा कोन व याडी?"

"बहिनीचा. मुका हाय बिचारा."

"अरे अरे. देवाची मर्जी," ढग कळवळला. "गुळाचा खडा द्या रे त्याले."

मी गूळ चघळत बसलो. काटा दिसत नव्हता, वजन दिसत नव्हतं, मापारी कुठे आहे तेही नीट दिसत नव्हतं. इतकी वर्षं मी डोळ्यांनी तपासण्या केल्या होत्या. त्या दिवशी करायला दुसरं काही नव्हतं म्हणून ऐकत बसलो. पारडं खाली टेकलं, त्याचा धप्प आवाज. पोत्यात तूर ओतली, तिचा सरसर आवाज. मापाऱ्याने सूर लावला.

"लाभ हो लाभ, लाभ हो लाभ."

"नातीचं जमलं म्हनते तुह्या?" शेठचा आवाज. याडी भोळेपणाने सांगू लागली. पोरगा कुठला, शेत किती, बैल कसे. शेठ मन लावून विचारत होता. इकडे पारडं पुन्हा टेकलं. धप्प. सरसर.

"लाभ हो लाभ, लाभ हो लाभ."

मला वाटलं, मापारी घोटाळला, आता सुधारेल. तो सुधारला नाही. तिसऱ्यांदा तूर पारड्यात पडू लागली आणि सूर तोच, गोड, निवांत. लाभ हो लाभ. आणि मला एकदम उलगडलं. लोखंडात काही नव्हतं, शिशात नव्हतं, किलोत तर मुळीच नव्हतं. प्रत्येक विकणाऱ्याकडून एक पारडं त्या गोड सुराखाली फुकट जात होतं. पूर्वी पायलीने मोजायचं तेव्हा माप विकणाऱ्याच्याच हाती असे. शेर-मणाचा काटा असतानाही माल किती भरायला हवा ते लोकांच्या अंगवळणी पडलेलं होतं. आता किलो नवा, अंदाज कोणालाच नाही. कमी भरलं की शिव्या किलोला, आणि किलोच्या वतीने मला!

संताप असा उसळला की मी मुका आहे हेच विसरलो.

"दोन!" मी ओरडलो. "दोन म्हण, लेका! दोन झाली!"

गूळ माझ्या तोंडातून खाली पडला. मापाऱ्याचा सूर अर्ध्यावर तुटला. आणि सगळ्यात आधी सावरला तो भगतशेठ. असा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. त्याने दोन्ही हात आभाळाकडे नेले आणि गर्जना केली.

"मुका बोलला! माह्या काट्यापुढं मुका बोलला!"

लोक धावत आले. कोणी माझ्या पाया पडलं, कोणी काट्याच्या. मी खिशातून चष्मा काढून लावला तेव्हा कुठे जवळच्या दोघा-तिघांनी मला ओळखलं. हळूहळू ते 'किलोसाहेब, किलोसाहेब' मागपर्यंत पसरत गेलं. भगतशेठचे हात वरच राहिले.

आता खरी पंचाईत माझी होती. कारवाई करायची तर कशावर? काटा खरा, वजन खरं, शिक्का माझा. 'लाभ' दोनदा म्हणू नये असं कलम आमच्या कायद्यात नव्हतं. करणाऱ्यांनी दशमान पद्धतीचा सगळा विचार केला होता, घाटंजीच्या मापाऱ्याचा केला नव्हता. मी एवढंच म्हणालो, "पुन्हा तोला. पहिल्यापासून."

पुन्हा तोललं. आता मापाऱ्याच्या तोंडून 'लाभ' निघालं, की भोवतीची झाडून सगळी गर्दी एका आवाजात ओरडायची, "दोन!" तूर माझ्या आकड्याइतकी भरली. त्या दिवसापासून घाटंजीच्या बाजारात ती रीतच पडली. मापाऱ्याने लाभ म्हणायची खोटी, चार दुकानांपलीकडचा पानवालासुद्धा 'दोन' म्हणून ओरडे. मापारी इतका धसकला की काही दिवस चक्क एकपासून मोजू लागला. भगतशेठचं मात्र काही बिघडलं नाही. मुका आपल्या काट्यापुढे बोलला हे तो अखेरपर्यंत सांगत राहिला. एक जण तर रुसून अबोला धरलेल्या बायकोला तिथे घेऊन आला होता म्हणतात. ती बोलली, आणि जे बोलली ते नवऱ्याला पुरलं.

मी खुशीत होतो. किलोची अब्रू वाचली होती. पुढच्या बाजारी शंकर घण टेकून बसला होता, कोपऱ्यातली मापं फोडायचा तो दिवस, आणि दारात याडी उभी राहिली. काखेत पायली, डोक्यावर तुरीचं गाठोडं.

"किलो खरा निंगाला," ती म्हणाली. "शब्द देल्ला होता." आणि तिने पायली घणापुढे ठेवली.

माझी खुशी जागच्या जागी विरली. मी म्हटलं, "याडी, राहू दे. ही मीठ ठेवायची आहे म्हण, कोंबड्यांना पाणी ठेवायची आहे म्हण, मी मान्य करतो."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी खुर्चीत सावरून बसलो. "मापाले माप नाई म्हनू? तुमी किलोले म्हनसान का?"

शंकर घणाला हात लावेना. याडी खाली बसली, गाठोडं सोडलं. "फोडाच्या आंदी एकडाव भरू द्या. शंकर, पोतं धर."

तिने पायली तुरीत बुडवली, वर काढली आणि दोन्ही हातांनी कडेकडेने दाणे चढवत शीग रचली. एकही दाणा घरंगळला नाही. मग पोत्यात ओतली.

"लाभ," ती म्हणाली.

पुन्हा भरली. शीग आधीपेक्षा उंच. ओतली. "लाभ."

बाहेर बाजारातल्या कोणाला तरी ऐकू गेलं असावं. सवयीने हाळी आली, "दोन!" याडीने मानही वळवली नाही. तिसरी भरली.

"लाभ."

"याडी," शंकर म्हणाला, "तुले बी भगतशेठचा वारा लागला काय व?"

"शेठ घेताना म्हनते. मी देऊन राह्यली," ती म्हणाली. "पोरगी सासरी जाते तवा देल्लेलं मोजत असतेत का? दोन म्हनलं का ते मोजलं झालं. ह्या पायलीनं तांड्यात कदी कोनी दोन म्हनलं नाई."

"अन् बाजारात?" मी विचारलं.

ती खोटं बोलली नाही. "बाजारात म्हनत होतो. आता बाजार तर तुमच्या किलोचा झाला."

मी उठलो. आमच्या नियमात 'माप' म्हणजे विकताना-घेताना मोजायला वापरतात ते. ज्याने पहिल्याच्या पुढे कोणी जातच नाही, ते मोजतं काय? हे मी शंकरला मुद्दाम मोठ्याने समजावून सांगितलं, साहेबी आवाजात, दारात जमलेल्यांना ऐकू जाईल असं. मग पायली उचलली, तिच्या काखेत दिली आणि म्हटलं, "याडी, हिच्यावर आमच्या खात्याचा अधिकार चालत नाही. घरी घेऊन जा. बाजारात मात्र आणू नकोस."

पायलीच्या काठावरचा एक दाणा तिने बोटाने पोत्यात सारला, पोतं माझ्यासाठी तिथेच ठेवलं, आणि जाता जाता, मला खरंच लेकरू समजून, माझ्या गालावरून हात फिरवून बोटं आपल्या कानशिलावर मोडली.

सरकारी माणसाने भेट घेऊ नये, म्हणून शंकरने ती तूर तिथेच चुलीवर घुगऱ्यांना घातली आणि दारात जो येईल त्याला वाटली. भगतशेठचा मापारीही दोनदा घेऊन गेला. पण चुलीवर चढवण्याआधी शंकर पोतं घेऊन माझ्या टेबलाशी आला होता. प्रमाण वजनांची पेटी उघडीच होती, आतला किलो मखमलीवर चकाकत होता.

"किती भरली असन जी साहेब? जोखून पाहू काय?"

मी पेटी बंद केली.

"लाभ," मी म्हणालो.